शब्द क्रमांक एक आणि शब्द क्रमांक दोन

आमची खोली नारपोलीत एका लूमच्या कारखान्याला पाठीला पाठ लावून होती. मधली भिंत कारखान्याच्या सेठचीही आणि आमचीही. पलीकडे चोवीस लूम चालायचे, त्यामुळे आमच्या फळीवरची भांडी आपोआप सरकत कडेला यायची आणि आई दिवसातून दोनदा ती मागे ढकलायची. भातात सुताचा भुगा असायचा. तो काढत बसलं तर भात गार व्हायचा, म्हणून आम्ही तो खायचो. आई घरात कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि शाळेतून आले की मीही तिच्या शेजारी बसायचे. बा बारा तासांची ड्युटी करायचा. कधी लाइट गेली आणि लूम थांबले, की त्या शांततेनं आम्ही सगळे झोपेतून दचकून उठायचो.

आमच्या घरात सातवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम. केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझं बी.कॉम. फारसं कामाला आलं नाही. पण ते आहे, आणि ते वगळून मी माझी कुठलीच गोष्ट सांगत नाही.

कारखान्यात माणसाच्या नावाचा काही उपयोग नसतो, कारण ते ऐकूच येत नाही. तिथं हातानं बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून ओढली की सूत तुटलं. अंगठा ओठाला लावला की चहा. माणसांनाही अशाच खुणा असतात आणि त्या काही कुणी बारसं करून ठेवत नाही. बाची खूण होती, गालावरून बोट फिरवायचं आणि मग काजळ लागलंय का असं ते बोट न्याहाळायचं. बा काळा आहे. मी त्याच्यावर गेले आहे. बाच्या समोरच्या आठ लूमवर उत्तर प्रदेशातून आलेला एक कारागीर होता, त्याची खूण म्हणजे खांद्यावरून गमछा टाकल्यासारखा हात फिरवायचा. मी त्यांना चाचा म्हणायचे. बा त्यांना ‘भय्या’ म्हणायचा आणि ते बाला ‘कालिया’. खूण करता करता तोंडानंही ओरडायचे, कारण ऐकू आलं नाही तरी ओठ वाचता येतात. बावीस वर्षं हे दोघं चार हातांच्या अंतरावरून एकमेकांना जिवाच्या आकांतानं कालिया आणि भय्या म्हणत होते आणि जगात कुणालाही ते ऐकू आलेलं नव्हतं.

चाचा पाळी सुटली की आमच्याकडे चहाला यायचे. मला ‘कल्लो’ म्हणायचे. कल्लो, चाय में अदरक कहाँ है, असं. मी हसत आणखी आलं ठेचायचे. माझ्या आईला हे खटकायचं. ती मला आठवड्यातून दोनदा साय आणि हळद चोळायची आणि त्याच दिवशी नेमके चाचा यायचे आणि म्हणायचे की भाभी, आज तो कल्लो पीली दिख रही है, डॉक्टर को दिखाओ.

कॉलेजात पहिल्याच वर्षी एका मुलानं मागच्या बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की वर्गातली लाइट गेली तर हिला शोधायचं कसं. मी डबा फेकून मारला. भेंडी होती. प्राध्यापकांनी दोघांनाही बाहेर काढलं, त्याला बोलण्याबद्दल आणि मला भेंडीबद्दल. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चाचा तिथंच बसले होते. त्यांना एवढा राग आला की ते उभे राहिले आणि म्हणाले, हमारी कल्लो को काली बोला? बा म्हणाला, चल, आत्ता जाऊ. आईनं दोघांना खाली बसवलं. त्या वाक्यात काही गडबड आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पण नेमकी काय ते मी त्या वेळी शोधत बसले नाही. मला बरं वाटलं होतं.

मी पदवी घेतली आणि बायपासजवळच्या एका मोठ्या गोदामात ऑफिस असिस्टंट म्हणून लागले. ऑनलाइन मागवलेला माल तिथून निघतो. त्याच सुमारास सेठनं लूम भंगारात काढले. बा आणि चाचा दोघं एकाच दिवशी घरी बसले. दोघांचेही कान लूमनं खाल्ले होते. कुठंही कामाला गेले की समोरचा काहीतरी विचारायचा, हे दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि तो म्हणायचा, उद्या या. बा तीन महिने ‘उद्या या’ ऐकत होता. म्हणजे वाचत होता.

मग आमच्या गोदामात माणसं हवी होती तेव्हा दोघांचे फॉर्म मीच भरले. त्यात एक रकाना होता, ‘ऐकण्यात काही दोष आहे का?’ आमच्याकडे मालाचे ढीग उचलून नेणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या फिरतात. ज्याला त्यांचा भोंगा ऐकू येत नाही त्याला फ्लोअरवर उभं राहू देत नाहीत, तसा नियमच आहे. मी दोन्ही फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. बाच्या गळ्यात गेटपास आला. तो ते कार्ड घरी जेवतानाही काढायचा नाही.

आता गोदाम म्हणजे काय, तर थंडगार, गुळगुळीत आणि शांत. एवढं शांत की कुणी टेप फाडली तर शेवटच्या रॅकपर्यंत कळतं. पहिल्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत सिक्युरिटीवाले पळत आले, भांडण लागलंय म्हणून. भांडण काही नव्हतं. बा आणि चाचा एका बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते आणि मेथीत लसूण घालावा की नाही यावर बोलत होते. ‘ए भय्या, तुला काय अक्कल हाय का?’ ‘अबे कालिये, तू चुप खा.’ लूम नव्हते, पण आवाज अजून लूमचाच होता. छप्पर चाळीस फूट उंच, पत्र्याचं. तिथून तो शब्द धुवून पुसून परत खाली यायचा.

मी घरी बाला लिहून दाखवलं, हळू बोल. बा ओरडून म्हणाला, हळूच तर बोलतो.

चाचांनी फ्लोअरच्या त्या टोकाहून ‘कालिये’ म्हटलं की चार-पाच माना वळायच्या. काही माझ्याकडे वळायच्या. पॅकिंगच्या टेबलावरची एक सावळी मुलगी मान खाली घालायची. मला हे दिसत होतं आणि मी कॉम्प्युटरकडे बघत होते. कारण मी बोलले असते तर विचारलं गेलं असतं की हे दोघं ओरडतात का, आणि त्याचं उत्तर माझ्या अक्षरात फॉर्मवर होतं.

दोन महिन्यांनी तक्रार आली. चाचांची नाही, बाची नाही. तक्रार केली होती एका शिफ्ट सुपरवायझरनं. तरुण, शिकलेला, कल्याणला वाढलेला, मराठी आपल्यासारखीच बोलणारा. त्याचे आईवडील उत्तर प्रदेशातले. त्यानं लिहिलं होतं की फ्लोअरवर एका प्रांतातल्या लोकांना उद्देशून अपमानकारक शब्द रोज मोठ्यानं उच्चारला जातो, आणि त्याला उत्तर म्हणून वर्णावरून दुसरा शब्द उच्चारला जातो. कंपनीचा नियम साधा होता. तक्रार खरी निघाली तर गेटपास जमा.

मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून एक मॅडम चौकशीला आल्या. आमचे गोदामाचे मॅनेजर साहेब होते आणि ज्या कंत्राटदारामार्फत बा लागला होता त्याचा माणूस होता. मराठीत कोण टाइप करणार, तर मी. मी साहेबांना सांगितलं की ज्याची चौकशी आहे तो माझा बाप आहे. ते म्हणाले, माहिती आहे, पण दुसऱ्या कुणाला जोडाक्षरं येत नाहीत.

चौकशी काचेच्या केबिनमध्ये होती. ही केबिन फ्लोअरच्या बरोबर मध्ये आहे आणि तिला छप्पर नाही. आठ फुटांपर्यंत काच, त्यावर सगळं मोकळं. आत बसलेल्यांना वाटतं आपण आत आहोत.

फॉर्ममध्ये पहिलाच रकाना होता, ‘उच्चारलेला आक्षेपार्ह शब्द’. आणि सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की आक्षेपार्ह शब्द नोंदीत पुन्हा लिहू नये. मी विचारलं, मॅडम, मग काय टाइप करू? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, शब्द क्रमांक एक आणि शब्द क्रमांक दोन असं लिहा. मी लिहिलं. कंत्राटदाराच्या माणसानं विचारलं की यातला एक कुठला आणि दोन कुठला. मॅडम म्हणाल्या, ते आपल्याला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं. त्याला सांगायचं कसं यावर दहा मिनिटं गेली. शेवटी साहेबांनी खांद्यावरून हात फिरवून दाखवला. मला धक्काच बसला. ती लूमवरची खूण होती. साहेबांचे वडीलही कधीकाळी कामतघरला लूम चालवायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाला आत बोलावलं. बा हात जोडून उभा राहिला. मॅडमनी हातातला कागद तोंडासमोर धरून वाचलं की आपण सहकाऱ्याला उद्देशून शब्द क्रमांक एक वापरता का. त्यांचं तोंड कागदामागं होतं. बा कागदाकडे बघत राहिला. मी टाइप केलं, ‘उत्तर नाही.’ मॅडमनी परत विचारलं, थोडं मोठ्यानं. मग साहेबांनी विचारलं, आणि बाला त्यांचे ओठ दिसले.

‘कंचा सबूद?’ बा म्हणाला. ‘सांगा म्हंजी आठवंल.’

आता प्रश्न असा आला की तो शब्द सांगायचा कुणी. साहेब म्हणाले, मी मराठी माणूस, माझ्या तोंडून तो शब्द बरा दिसणार नाही. कंत्राटदाराचा माणूस स्वतः उत्तर प्रदेशातल्या बलियाचा. साहेब म्हणाले, मग तुम्ही म्हणा, तुमचाच आहे. तो म्हणाला, साहब, मेरा है इसीलिए तो नहीं बोलूँगा. मॅडम म्हणाल्या, ज्याला उद्देशून वापरला त्यालाच तो उच्चारायचा अधिकार आहे असं समजू, त्यांना बोलवा. चाचा आत आले. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. साहेबांनी मला सांगितलं की यांना समजाव. मी चाचांना खुणेनं विचारलं, बा तुम्हाला काय म्हणतो? चाचांनी सरळ सांगितलं, भय्या. मग बाकडे बघून त्यांना वाटलं याच्यावर काही आलंय, म्हणून त्यांनी आपणहून जोडलं की मैं भी इसको कालिया बोलता हूँ, दोनों का लिखो.

मॅडमनी डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं असं, की चाचा पहिला शब्द बोलू शकतात पण दुसऱ्याचा आरोप त्यांच्यावर आहे, आणि आता त्यांनी तो चौकशीतच उच्चारला, म्हणजे ती वेगळी घटना झाली. वेगळ्या घटनेला वेगळा फॉर्म. मी दुसरा फॉर्म उघडला.

‘आरोपीला आरोप त्याच्या तोंडावर समजला पाहिजे’, मॅडम म्हणाल्या. त्या नियमाच्या बाई होत्या आणि हा नियम बरोबर होता. त्या उठल्या, बाच्या समोर गेल्या, कागद खाली ठेवला आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बेंबीच्या देठापासून ओरडल्या, ‘तुम्ही यांना भय्या म्हणता का? आणि हे तुम्हाला कालिया म्हणतात का?’

पत्र्यानं ते वाक्य घेतलं आणि सगळ्या फ्लोअरवर वाटलं. टेप थांबल्या. मालाचा पट्टा कुणीतरी बंद केला. काचेतून बाहेर दीडशे माणसं आमच्याकडे बघत होती आणि त्यांच्या पुढं तो तक्रार करणारा सुपरवायझर उभा होता. तो दार उघडून आत आला. मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या. मला म्हणाल्या, हे लिहू नका.

बाला मात्र आता सगळं नीट समजलं होतं. तो शांतपणे म्हणाला,

‘म्हन्तो की. बावीस वर्सं म्हन्तो. त्याचं दुसरं नाव मला ठाव न्हाय.’

साहेबांनी चाचांकडे बघून बाकडे बोट दाखवलं, म्हणजे तुम्हाला तरी यांचं नाव माहीत आहे का. चाचांनी बाच्या छातीवरचा गेटपास उचलला, लांब धरला, जवळ धरला. नाव इंग्रजीत होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

मग तो सुपरवायझर बोलला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो बाच्या समोर गेला, तोंड नीट दिसेल असा उभा राहिला आणि मराठीतच, सावकाश म्हणाला,

‘काका, तुम्ही मला म्हणत नाही हे मला माहीत आहे. पण शाळेत, गाडीत, नाक्यावर सगळ्यांनी मला तेच म्हटलंय. तुम्ही यांना हाक मारता आणि मान माझी वळते. दिवसातून चाळीसदा वळते.’

बानं काचेबाहेर बघितलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्यानं मला विचारलं, आणि हे विचारतानाही तो ओरडतच होता, ‘पोरी, आमचं बोलनं ह्या समद्यांना ऐकू जातं?’

सगळं फ्लोअर हो म्हणालं. माना हलवून.

इथं मला उठावं लागलं. बाला वाचवायचं एकच कारण माझ्याकडे होतं, आणि ते सांगितलं असतं तर त्याच कारणानं गेटपास गेला असता. मी डबा फेकून मारणारी मुलगी आहे, मला गप्प बसता येत नाही, असं मी नेहमी लोकांना सांगते. खरं म्हणजे दोन महिने मी छान गप्प बसले होते. त्या मान खाली घालणाऱ्या पॅकिंगच्या मुलीसमोरही बसले होते. मी म्हणाले, ‘मॅडम, या दोघांना ऐकू येत नाही. लूमनं कान गेलेत. फॉर्मवर ‘नाही’ मी लिहिलं. खोटं लिहिलं. ओरडतात ते म्हणून ओरडतात.’

मॅडमनी विचारलं, हे तरी लिहिलंत का? मी म्हणाले, लिहिते. आणि बसून लिहिलं.

बाला हे समजलं नव्हतं, कारण मी त्याच्याकडे पाठ करून बोलले होते. त्याचं त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तो सुपरवायझरला म्हणाला, मंग आम्ही हातानं बोलतो, तुजी मान न्हाय वळणार. आणि चाचांकडे वळून त्यानं खांद्यावरून गमछा टाकला. चाचांनी गालावरून बोट फिरवलं आणि काजळ लागलंय का ते बघितलं.

मॅडमनी हे सगळं बघितलं. मग त्यांनी फार गंभीरपणे विचारलं की या खुणांचा अर्थ काय. साहेबांनी खिडकी नसलेल्या केबिनमध्ये खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. मी खरं सांगितलं. मॅडमनी सूचनांचा कागद उलटा करून पाहिला. फॉर्ममध्ये शब्दाला रकाना होता, खुणेला नव्हता. त्या सुपरवायझरकडे वळल्या आणि त्याला विचारलं की तुम्हाला या खुणेबद्दल आक्षेप आहे का.

तो हसला. पहिल्यांदाच. म्हणाला, माझ्या वडिलांना विचारून सांगतो, तेही लूमवर होते.

त्यानं तक्रार मागं घेतली आणि चौकशी तिथं उरकली, पण गोदामात ती आठवडाभर पुरली. लोडर एकमेकांना ‘ए क्रमांक दोन’ अशा हाका मारायला लागले. जे क्रमांक दोन अजिबात नव्हते त्यांना वाईट वाटायला लागलं. शेवटी नोटीस लागली की आकडे फक्त रॅकसाठी वापरावेत. ती नोटीसही मीच टाइप केली. त्या पॅकिंगच्या मुलीला मी एके दिवशी डबा खायला माझ्या बाजूला बोलावलं. तिनं विचारलं, तुमचे चाचा मला म्हणत होते का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मला वाटायचं मलाच. आमचं त्यावर आणखी काही बोलणं झालं नाही. भेंडी तिनं आणली होती.

घरी चाचा अजून येतात. परवा त्यांनी मला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, तेरे को बुरा लगता है क्या? मी त्यांना म्हटलं, तुम्ही म्हणा, पण घरात. ते म्हणाले, घर में ही तो बोलता हूँ. आईनं हा आवाज ज्यांच्यातून पलीकडे जातो त्या नारपोलीतल्या सगळ्या भिंती आठवून ‘हं’ केलं.

बा आणि चाचांना फ्लोअरवरून काढून परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं, जिथं फोर्कलिफ्ट जात नाही. माझा पगारवाढीचा अर्ज खोट्या नोंदीबद्दल वर्षभर मागं ठेवला, आणि ते बरोबरच होतं. दोघांची नवी कार्डं निघाली. त्यावर नावं इंग्रजीऐवजी देवनागरीत, मोठ्या अक्षरात आहेत. बाचा गेटपास गेला नाही. तो रोज ड्युटीवर जातो.